दोन मिनिटांची मुभा

मिस्त्रीनं टेप गुंडाळून खिशात घातली, तेव्हा पाणक्या रांगेत शेवटी उभा होता.

दर वर्षी मोसमाच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत, विश्रांतीच्या दिवशी, हॉटेलच्या मागच्या आवारात हे काम चालतं. मिस्त्री म्हणजे टीमच्या सायकली जोडणारा, खोलणारा, धुणारा माणूस. तो एकेका गड्याला भिंतीला टेकवून उभा करतो, जांघेपासून टाचेपर्यंत पाय मोजतो, हात मोजतो, खांदे मोजतो आणि वहीत आकडे लिहितो. त्या आकड्यांवर पुढच्या वर्षीच्या सायकली बनतात. टीम आठ जणांची. मापं सात जणांची झाली.

"माझं राहिलं," पाणक्या म्हणाला.

मिस्त्री साखळी पुसायला खाली बसला. "तुझं आहे की जुनं. या वयात पाय वाढतायत काय तुझे?"

"गेल्या वर्षीही जुनं होतं. तरी घेतलंस."

"गेल्या वर्षी मला वेळ होता."

मिस्त्रीनं वर बघितलं नाही. अकरा वर्षं पाणक्याच्या सायकलीचा चिखल धुतलेला माणूस, पण स्वतःच्या पोटावर पाय कोण आणून घेतं म्हणा. पाणक्याला जे समजायचं ते समजलं. टीममधनं काढल्याचं पत्र पुढे कधीतरी येतं, त्यात आभारबिभार मानलेले असतात. टेप त्याआधीच यायची थांबते.

लोकांना वाटतं, सायकलची शर्यत म्हणजे ज्याच्या पायात जोर तो पुढे. खुळी समजूत आहे. आठ जणांत जिंकायचं एकानं, आणि सात जणांनी त्याच्यासाठी मरायचं, असा तो सरळ हिशेब. पुढे कुणीतरी वारा छातीवर घ्यायचा, म्हणजे मागच्याला कमी जोर लागतो. त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. आणि पाणी. मागे मास्तरच्या, म्हणजे टीम चालवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, गाडीपर्यंत जायचं, आठ बाटल्या पाठीत, पोटात, मानेमागे जर्सीत कोंबायच्या, गाभण म्हशीसारखं घोळक्यातनं वाट काढत पुढे यायचं, वाटायच्या, रिकाम्या झाल्या की पुन्हा मागे. उन्हाळ्यात दिवसाला दहा खेपा. हे काम आपला माणूस अकरा वर्षं करत होता, म्हणून तो पाणक्या. नाव त्याला होतं, पण ते फक्त नोंदणीच्या कागदावर आणि बहिणीच्या तोंडात उरलं होतं. अकरा वर्षांत त्यानं एकही शर्यत जिंकली नव्हती. एका दिवसाचा टप्पाही नाही. शून्य.

ज्याच्यासाठी मरायचं तो नवरदेव. सगळे त्याच्यापुढे नाचतात आणि हा घोड्यावर, म्हणून नवरदेव. दोघं एकाच गावचे, एकाच क्लबातले. नवरदेव पाणक्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण जेवायला बहुतेक यांच्याकडेच. पाणक्याच्या वडलांचं मुख्य रस्त्यावर कुलुपं-किल्ल्यांचं दुकान. नवरदेवाची पहिली सायकल चोरीला गेली, तेव्हा दुसरीला त्यांनीच फुकट कुलूप घालून दिलं होतं. गावाबाहेर लांबवर नऊ वळणांचा घाट होता. दर रविवारी क्लबाची पोरं तो चढायची, आणि दर रविवारी पाणक्या आधी पोचायचा. दर रविवारी. वर जाऊन दगडावर बसायचा, आणि खालनं नवरदेव धापा टाकत येताना दिसायचा. हे आता कुणाला सांगितलं तर लोक हसतात.

टीममध्ये आले त्या पहिल्याच वर्षी दोघं एका शर्यतीत सगळ्यांना सोडून पुढे निघाले होते. दोघंच. मागे चिटपाखरू नाही. शेवटच्या वळणाला कानातल्या रेडिओत मास्तर बोलला, "भांडू नका रे. आज त्याला जाऊ दे. पुढची तुझी." आणि पाणक्यानं ब्रेक दाबला. त्या दिवसाचा फोटो क्लबाच्या भिंतीवर आहे. नवरदेव हात पसरून, आणि त्याच्या मागे अर्धा कापला गेलेला एक माणूस, ब्रेकवर बोटं ठेवलेला.

पुढची आलीच नाही. पुढची येत नसते.

दोघांची खोली अकरा वर्षं एकच. त्या संध्याकाळी नवरदेव पलंगावर उताणा पडून पाय भिंतीला टेकवून होता. शर्यतीत सगळ्यात पुढे असणाऱ्याची रंगीत जर्सी खुर्चीवर वाळत होती. सहा दिवस ती त्याच्याकडेच होती.

"उद्या गावातनं जातोय," पाणक्या म्हणाला.

"जाऊ दे. रस्ता आहे."

"दोन मिनिटं पुढे सोड मला."

ही या धंद्यातली जुनी रीत. शर्यत एखाद्याच्या गावातनं जात असली की घोळका त्याला थोडं पुढे सोडतो. त्यानं जायचं, थांबायचं, आईबापाला भेटायचं, पोराचा पापा घ्यायचा आणि मागनं घोळका आला की मुकाट्यानं त्यात मिसळायचं. तेवढा वेळ कुणी जोर करत नाही. नियमांच्या पुस्तकात यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. परवानगी रंगीत जर्सीवाला देतो.

"बाबांना दिसतं का रे आता काही?" नवरदेवानं विचारलं.

"उजेड आणि अंधार. बस्स. रंगही नाही कळत. म्हणून तर थांबायला हवं. घोळक्यातनं गेलो तर काय कळणार त्यांना, कोण गेलं नि कोण राहिलं."

"जा. मी सांगतो सगळ्यांना. आणि भेटून झालं की पाणी घेऊन ये. तुझ्या भेटीगाठीत मी तहानेनं मरायचो."

पाणक्या मोजे काढत बसला. मग म्हणाला, "मिस्त्रीनं माझं माप घेतलं नाही."

"विसरला असेल."

"तू मास्तरला काही बोललास?"

"मी कशाला बोलू." नवरदेवानं पाय भिंतीवर जरा वर सरकवले. "त्यानं विचारलं. मी म्हटलं, दमलाय तो."

"मी दमलोय?"

"तुला नाही वाटत तसं?"

पाणक्यानं ताईला फोन लावला. ताई त्याची थोरली बहीण, वडलांना तीच सांभाळायची, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत.

"उद्या थांबतोय मी. बाबांना दारात बसव."

"सकाळपासनं बसतील ते, मी कशाला बसवायला पाहिजे. तुझी क्लबातली निळी बाटली शोधून काढलीय त्यांनी. झाकण फुटलंय, चिकटपट्टी लावत बसलेत. स्वतः भरून देणार म्हणतात. तू घे हं ती. नाहीतर मला छळतील."

"घेतो."

तेव्हा तो खरंच थांबणार होता. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर सगळे म्हणाले की यानं रात्रभर कट शिजवला. काही शिजवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चाकाला चिकटत होतं. गाव यायच्या आधी दहा किलोमीटरवर पाणक्यानं शेवटची खेप आणली, सगळ्या बाटल्या वाटल्या, स्वतःकडे अर्धी ठेवली. पुढे घरचं पाणी होतंच. नवरदेवानं हात वर करून घोळका हळू केला. दुसऱ्या टीमच्या एकानं पाठीवर थाप मारली, "आमच्यासाठी चहा टाकायला सांग." कुणी म्हणालं, "वडलांना नमस्कार." आणि पाणक्या घोळक्यातनं बाहेर पडला.

पुढे कुणीच नव्हतं.

अकरा वर्षं त्यानं समोर कुणाचं ना कुणाचं बूड बघितलं होतं, किंवा मागनं नवरदेवाची हाक ऐकली होती. आता नुसता रस्ता. पाय आपोआप चालायला लागले. मोटारसायकलवरचा पाटीवाला, म्हणजे मागचे किती मागे आहेत ते पाटीवर लिहून दाखवणारा माणूस, हसत पाटी घेऊन आला. दोन मिनिटं दहा सेकंद.

गावाची कमान, पाण्याची टाकी, शाळेची भिंत. मग मुख्य रस्ता, आणि दुकानाबाहेर स्टुलावर वडील. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. हात पुढे लांब केलेला, हातात निळी बाटली. ताई मागे उभी राहून त्यांचा खांदा धरून होती.

पाणक्याची बोटं ब्रेकवर गेली. आणि बोटांना ती जागा ओळखीची वाटली. तोच कोन, तीच दोन बोटं. मास्तरचा आवाजही जसाच्या तसा आला, पुढची तुझी. यापुढची त्याच्याकडे एकही नव्हती. समोर गावाबाहेरचा रस्ता रिकामा होता, तीस किलोमीटरवर नऊ वळणांचा घाट होता, आणि घाट उतरलं की शेवटची रेष.

त्यानं बोटं उचलली.

बाटली त्याच्या कोपराच्या वीतभर बाजूनं गेली. नुसती उचलून घेतली असती तरी चाललं असतं. पण वडील सोडणारे नव्हते, हात धरणार होते, आणि धरलेला हात झटकायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. बापासमोरनं पळून जाण्याएवढंच होतं.

"अरे," मागनं ताईचा आवाज आला. एवढंच.

पहिली पाच मिनिटं कानात सगळं शांत. मग मास्तर फुटला. "कुठायस तू? गावात नाहीयेस. कुठायस?" पाणक्यानं गिअर बदलला. "थांब. आत्ताच्या आत्ता थांब. सगळ्या टीमची माणसं माझ्या गाडीच्या काचेवर हात मारतायत. थांब म्हणतो ना." पाणक्यानं कानातलं यंत्र ओढून काढलं आणि ते वायरीला लटकत छातीवर आपटत राहिलं.

पाटी आली. चार मिनिटं चाळीस. एवढं कसं वाढलं ते त्याला कळेना. घोळका गावात थांबला असणार, त्याला शोधत असणार. त्याच्या पोटात आनंदाची एक उकळी आली. लाज होतीच, पण ती उकळीच्या खाली होती.

अर्धी बाटली दहा किलोमीटरला संपली. तेवढ्यात मास्तरची गाडी बाजूला आली. मास्तरनं काच खाली केली. मागच्या सीटवर मिस्त्री, मांडीवर बाटल्यांचा खोका.

"पाणी," पाणक्या म्हणाला.

"थांबतोस?"

"मास्तर, जिंकतोय मी. तुमचाच माणूस जिंकतोय. काय फरक पडतो?"

"मला पुढच्या वर्षी याच लोकांत वावरायचंय. तुला नाही वावरायचं." ते तोंडून निघून गेलं तसं मास्तरनं समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सायकलवरनं उतर, खोकाच्या खोका देतो."

पाणक्यानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं एक बाटली उचलली होती. मास्तरनं न वळता हात मागे केला, बाटली घेतली, स्वतः एक घोट प्यायला आणि काच वर गेली.

शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये गाडीतनं पाणी द्यायला बंदी असते. ती हद्द दाखवणारी फळी बाजूनं गेली.

घाट सुरू झाला तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. पहिली तीन वळणं तो चांगला चढला. पाचव्या वळणाला मांडीत गोळा आला, त्यावर मूठ मारत चढला. रस्त्याकडेला एक माणूस पाण्याचा मग घेऊन धावत आला. पाणक्यानं तोंड उघडलं. त्यानं सगळं पाणी डोक्यावर ओतलं आणि खूश होऊन टाळ्या वाजवल्या. पाटीवर एक मिनिट पन्नास होतं. खाली वळणांतनं घोळका दिसत होता, आणि घोळक्याच्या तोंडाशी कोण वारा घेत होतं तेही दिसत होतं. त्याच्याच टीमच्या जर्स्या. सहाच्या सहा. आपल्या माणसामागे आपली माणसं कधी घोळका ओढत नाहीत. दूधपित्या पोरालाही या धंद्यात ते माहीत असतं. आज ओढत होती.

माथ्यावर तो दगड तसाच होता. त्याच्याकडे बघायला मान वळेना.

उतार संपला आणि शेवटचा सरळ रस्ता लागला. एक किलोमीटर. रेषेवरची कमान दिसत होती. लोक ओरडत होते. त्यांना रीतबीत माहीत नव्हती, त्यांना एकटा माणूस पुढे दिसत होता आणि ते त्याच्यासाठी जीव तोडून ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा. पाचशे मीटर. दोन्ही मांड्या लाकूड झाल्या. तीनशेला बाजूनं एक सावली आली, आणि सावलीमागनं रंगीत जर्सी.

नवरदेव एकटाच सुटून आला होता. त्यानं पाणक्याकडे बघितलं नाही. पाणक्यानं त्याच्या चाकाला चिकटायचा प्रयत्न केला. त्याला तेवढं एकच काम येत होतं. तीन-चार पायडल जमली. मग डावा पाय ताठला तो वाकेचना, आणि एका पायानं सायकल ढकलत त्यानं नवरदेवाचे पसरलेले हात मागनं बघितले. नंतर सगळा घोळका त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. जाता जाता कुणीतरी त्याच्या चाकावर थुंकलं. चहा मागणाराच असावा.

तो एकसष्टावा आला.

मास्तरनं त्याला गाडीमागे गाठलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. मास्तर नुसता म्हणाला, "अजून चार टप्पे आहेत. घरी पाठवला तर पाणी कोण आणणार? सकाळी वेळेवर ये."

हॉटेलच्या खोलीत नवरदेव आंघोळ करून बसला होता. टेबलावर, दोघांच्या पलंगांमध्ये, निळी बाटली होती. झाकणाला चिकटपट्टी, पट्टीची टोकं नीट कापून दाबलेली.

पाणक्या दारात उभा राहिला. "ही कुठली?"

"तहान लागली होती. पाणी आणणारा पळून गेला होता."

"तू थांबलास?"

"कुणीतरी थांबायला नको? तो हात तसाच पुढे. मी थांबलो म्हणून सगळे थांबले." नवरदेव मोज्यांच्या घड्या घालत होता. "थरथरतो रे हात बाबांचा. तू सांगितलं नव्हतंस."

"काय बोललास त्यांच्याशी?"

"काही नाही. एक शब्द नाही. बाटली घेतली, हात दाबला, निघालो."

पाणक्या पलंगावर बसला. बसताना मांडीतला गोळा परत आला आणि त्यानं उशीत तोंड खुपसून तो जाऊ दिला. नवरदेव म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर दिला असता तुला आजचा टप्पा."

"खोटं बोलतोयस."

"हो." त्यानं दुसरा मोजा उचलला. "पण ऐकायला बरं वाटलं असतं."

फोन वाजला. ताई.

"ऐक," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांना वाटतंय तूच थांबलास. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. एवढं तरी कर."

"ताई, मी—"

"मला काही सांगू नकोस. मी बघितलंय सगळं. घे, बोल त्यांच्याशी."

वडलांना ऐकूही कमी यायचं, म्हणून ते फोनवर मोठ्यानं बोलायचे. खोलीभर आवाज भरला.

"पोचलास? पाणी प्यायलास ना सगळं?"

पाणक्यानं बाटली उचलली. हलवून बघितली. आत थेंब नव्हता. "प्यायलो बाबा."

"हात दाबलास तेव्हाच ओळखलं मी. काय हाड झालंय रे हाताचं. खात नाहीस का?"

"खातो."

"ताईला म्हटलं, बघ, सगळी शर्यत माझ्या पोरानं दारात थांबवली. शेजारच्यांनी ऐकलं ना, एवढी चाकं एकदम थांबल्याचा आवाज. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता." मग त्यांना आठवलं. "आज जिंकलं कोण?"

पाणक्यानं समोर बघितलं. "तो जिंकला, बाबा."

"तो का. बरं झालं. आपल्याकडेच जेवून वाढलाय." मग वडील म्हणाले, "पण बघ, तो नाही थांबला आपल्या दारात. मी वाट बघितली, म्हटलं तोही येईल हात द्यायला. जिंकायचं असलं की माणसं कशाला थांबतील. तू थांबलास. मला तेवढं पुरे."

"हो, बाबा."

"परत आलास की झाकण नवीन बसवून देतो. पट्टी टिकायची नाही."

नवरदेवाच्या हातात शेवटचा मोजा होता. त्यानं त्याची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.